शंकापेटी : चार पेट्यांच्या बारा कशा झाल्या

यावेळी शंकापेटी उघडली तर जवळजवळ सगळी पत्रं एकाच विषयावरची निघाली, फॉर्म एचटीएमएलचा (म्हणजे वेबपान मांडायची भाषा) आणि त्यात मधेमधे घुसवलेलं पीएचपी (म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड). आंब्याचा सीझन आणि मे महिन्याची बुकिंगं एकदम अंगावर येतात म्हणून असेल. आता ज्याची दहा कलमं आहेत तोपण वेबसाईट काढतो, आणि ती बहुतेक घरातला कॉलेजात जाणारा पोरगा नाहीतर पोरगी रात्री जागून बनवते, त्यामुळे प्रश्नसुद्धा रात्री दोन वाजता टाईप केल्यासारखे असतात. असू देत, मलापण तसेच आवडतात.

एक आधीच सांगते. इथे कोड जसाच्या तसा छापत नाही. मागे एकदा छापला होता तर कंस आणि अवतरणचिन्हांची अशी काय वाट लागली की दोन वाचकांनी तसाच टाईप करून मलाच शिव्या घातल्या. तेव्हा गुहागरला माझा भाचा आहे त्याला मी फोनवर कोड सांगते ना, तसाच तोंडी सांगणार.

प्रश्न : ताई, आमची देवगडला हापूसची बाग आहे. ऑर्डर घ्यायला मी एकच फाईल केली, वर पीएचपी आणि खाली फॉर्म, फॉर्म परत त्याच फाईलला जातो. दोन त्रास आहेत. पान नुसतं उघडलं, काही भरलंपण नाही, तरी वर वॉर्निंग येते, अनडिफाइंड ॲरे की. आणि दुसरं म्हणजे पुण्याच्या एका गिऱ्हाईकाने चार पेट्या मागितल्या, आमच्याकडे बारा नोंदल्या गेल्या, बाबांनी बारा भरायला घेतल्या. आता बाबा म्हणतात वहीच बरी होती.

उत्तर : बाबांचा राग रास्त आहे, पण वहीवर जायची गरज नाही, तुझं काम पाऊण झालेलंच आहे.

असं बघ. फाईल एक असली तरी ती एका गिऱ्हाईकासाठी दोनदा चालते. पहिल्यांदा तो पत्ता टाकून पान उघडतो, ती रिक्वेस्ट गेटची, तेव्हा त्याने काहीच भरलेलं नसतं. दुसऱ्यांदा तो बटण दाबतो, ती रिक्वेस्ट पोस्टची, तेव्हा नाव, पत्ता, पेट्या सगळं येतं. तुझा वरचा कोड मात्र दोन्ही वेळा बिनधास्त पोस्टच्या ॲरेमध्ये, म्हणजे भरून आलेल्या गोष्टींच्या यादीत, हात घालून पेट्यांची संख्या काढायला जातो, पहिल्या वेळी तिथे काही नसतंच, म्हणून तो ओरडतो. पीएचपी ७ पर्यंत हेच ओरडणं नोटीस म्हणून यायचं आणि बऱ्याच जणांनी नोटिसा बंदच करून ठेवलेल्या असायच्या, २०२० मध्ये पीएचपी ८ आलं तेव्हापासून ती वॉर्निंग झाली, म्हणून जुन्या कोडवर सुखाने चाललेली मंडळी अचानक घाबरली. कोड तेव्हापण चुकलेलाच होता, फक्त बोलत नव्हता.

उपाय म्हणजे फाईलच्या अगदी वर, एचटीएमएलचं एक अक्षर यायच्या आधी, इफ लिहायचा : डॉलर, अंडरस्कोर, सर्व्हर, चौकोनी कंसात रिक्वेस्ट अंडरस्कोर मेथड, मग तीन बरोबरच्या खुणा, मग पोस्ट. भरलेल्या गोष्टींना हात लावायचा तो सगळा कोड या इफच्या पोटात. एखादं खानं येईल न येईल अशी शंका असेल तर त्याच्या नावापुढे दोन प्रश्नचिन्हं आणि मग रिकामी अवतरणं, म्हणजे आलं तर घे, नाही तर रिकामं समज. ही दोन प्रश्नचिन्हांची सोय पीएचपी ७ पासून आहे.

आता बारा पेट्या. तुझं ‘धन्यवाद, ऑर्डर मिळाली’ हे वाक्य तू त्याच पोस्टच्या उत्तरात छापतोयस. म्हणजे गिऱ्हाईकाच्या ब्राउझरमध्ये जे पान उघडं आहे ते पोस्टचं पान आहे. त्याने रिफ्रेश केलं की ब्राउझर तीच पोस्ट परत पाठवतो, आधी विचारतो खरं, फॉर्म परत पाठवू का म्हणून, पण ती खिडकी कोण वाचतं, सगळे हो म्हणतात. एक मूळ आणि दोन रिफ्रेश, चार त्रिक बारा. गिऱ्हाईकाची काही चूक नाही.

यावर जुना आणि पक्का उपाय आहे. ऑर्डर डेटाबेसमध्ये नोंदली की तिथे काहीही छापायचं नाही, हेडर फंक्शनने लोकेशन देऊन ब्राउझरला दुसऱ्या पानावर धाडायचं, धन्यवादाचं वाक्य तिथे. आता रिफ्रेश केलं तर धन्यवादाचं पान परत येईल, ऑर्डर नाही. पीएचपी अशावेळी आपणहून ३०२ नंबरचं उत्तर पाठवतं, चालतं, पण या कामासाठी नेमका नंबर ३०३ आहे, तो हेडर फंक्शनमध्ये तिसरी किंमत म्हणून देता येतो. आणि हेडरच्या पुढच्याच ओळीत एक्झिट लिही. ही एक्झिट विसरणारे मी शेकड्याने बघितलेत. हेडर म्हणजे नुसती चिठ्ठी, ती लिहिली म्हणून खालचा कोड चालायचा थांबत नाही.

फॉर्म चुकला, समजा फोन नंबर नऊ आकडी आला, तर मात्र दुसरीकडे धाडायचं नाही. इफच्या पोटात चूक एका व्हेरिएबलमध्ये लिहून ठेवायची आणि तसंच खाली येऊ द्यायचं, फॉर्म परत छापला जाईल, वर चूक दिसेल, आणि भरलेलं सगळं परत दिसेल कारण प्रत्येक खान्याच्या व्हॅल्यूमध्ये तू ते छापणार आहेस. छापताना एचटीएमएलस्पेशलकॅर्स या फंक्शनमधूनच छाप, का ते खाली वेंगुर्ल्याच्या पत्रात सांगितलंय. एकाच फाईलमध्ये फॉर्म आणि कोड ठेवायचा खरा फायदा हाच. गिऱ्हाईकाला पत्ता दुसऱ्यांदा टाईप करायला लावलास तर तो दुसऱ्या बागेत जातो.

जाता जाता अजून एक. तू पाठवलेल्या फाईलमध्ये पेटीचा भाव हिडन खान्यात ठेवलायस आणि बेरीज त्याच्यावरून करतोयस. हिडन म्हणजे डोळ्याला दिसत नाही एवढंच. एफ बारा दाबून ब्राउझरमध्ये पानाचा कोड उघडला की कोणीही तो आकडा बदलून एक रुपया करू शकतो आणि तुझा कोड इमानेइतबारे एक रुपयाचं बिल करेल. फॉर्ममधून फक्त किती पेट्या ते घे, भाव सर्व्हरवरच्या तुझ्या टेबलातून काढ.

प्रश्न : ताई नमस्कार. तारकर्लीला आमचं घरगुती होमस्टे आहे. बुकिंगच्या यादीत प्रत्येक ओळीला डिलीटचं बटण दिलं, ऑनक्लिकमध्ये पीएचपीचं डिलीट फंक्शन लिहिलं. पान उघडलं तर यादी बरोबर दिसली. चहा घेऊन आलो, पान परत उघडलं तर यादी रिकामी. एकही बटण दाबलं नव्हतं ओ. माका वाटला वायरस इलो.

उत्तर : वायरस नाही. तुमच्या यादीने स्वतःलाच खाल्लं.

हसू येतं पण या एका चुकीत सगळा विषय आहे, म्हणून जरा थांबून बघू. पीएचपी चालतं सर्व्हरवर, पान ब्राउझरकडे जायच्या आधी. तुमच्या खानावळीचंच घ्या, पीएचपी म्हणजे आतलं स्वयंपाकघर आणि पान म्हणजे वाढून बाहेर गेलेलं ताट. ताट पाहुण्यापुढे गेलं की आचाऱ्याचा त्याच्याशी संबंध संपला, पाहुण्याने सोलकढी उचलली की भात, त्याला कळत नाही, पाहुण्याने परत हाक मारली तरच. तुम्ही ऑनक्लिकच्या अवतरणात पीएचपी लिहिलंत, म्हणजे तुमच्या मते ‘पाहुण्याने बटण दाबलं की हे कर’. पण पीएचपीला ऑनक्लिक म्हणजे काय ते माहीतच नाही हो, त्याच्या लेखी तो नुसता मजकूर आहे. त्याला दिसला आपला सुरुवातीचा टॅग, त्याने फंक्शन चालवलं. लूपमध्ये पहिली ओळ छापली, पहिलं बुकिंग उडवलं, दुसरी छापली, दुसरं उडवलं. यादी दिसली कारण ती आधीच वाचून ठेवलेली होती. दुसऱ्यांदा उघडलंत तेव्हा वाचायला काही उरलंच नव्हतं.

खात्री करायची असेल तर पानावर कंट्रोल आणि यू दाबा, ब्राउझरला काय पोचलं ते दिसेल. बटणाच्या ऑनक्लिकमध्ये तुम्हाला दोन अवतरणं आणि मधे काहीच नाही असं दिसेल. पीएचपी तिथे नसतंच, ते आधीच चालून गेलेलं असतं. माझ्या क्लासला मी पहिल्या दिवशी ही दोन बटणं शिकवते, बाकी सगळं नंतर.

बरोबर करायचं तर प्रत्येक ओळीच्या शेवटच्या खान्यात एक छोटा फॉर्म टाका, मेथड पोस्ट, आत बुकिंगचा नंबर हिडनमध्ये, आणि एक बटण. फॉर्म टीडीच्या (टेबलातल्या खान्याच्या टॅगच्या) आत हं, टीआरच्या (ओळीच्या टॅगच्या) आणि टीडीच्या मधे फॉर्म टाकणं नियमात बसत नाही, ब्राउझर ते आपल्या मनाने सावरून घेतो आणि मग घोळ होऊ शकतो. फॉर्मच्या आत दुसरा फॉर्मपण चालत नाही. त्यामुळे पूर्ण टेबलाभोवती एक मोठा फॉर्म असेल तर तो आधी काढा.

काही जण म्हणतील फॉर्म कशाला, डिलीटची लिंक द्या आणि पुढे प्रश्नचिन्ह आयडी बरोबर सात. नको. लिंक म्हणजे गेट, आणि गेट फक्त बघायला, मोडायला नाही. २००५ साली गुगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचं एक सॉफ्टवेअर काढलं होतं, पानावरच्या लिंका तुम्ही दाबायच्या आधीच ते मागच्या मागे उघडून ठेवायचं, पान पटकन दिसावं म्हणून. ज्यांच्या पानांवर डिलीटच्या साध्या लिंका होत्या त्यांच्या त्यापण उघडल्या गेल्या. पुढे काय झालं ते तारकर्लीकरांना सांगायला नको.

हिडनमध्ये नंबरासोबत एक टोकनपण ठेवा, सेशनमध्ये (म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची सर्व्हर ठेवतो त्या आठवणीत) बनवलेलं एखादं मोठं अंदाज न येणारं अक्षरजाळं, आणि डिलीट करताना ते जुळतंय का बघा, नाहीतर दुसऱ्या कुठल्या पानावरून तुमच्याच लॉगिनच्या जोरावर कोणी ती पोस्ट करवू शकतं. आणि गेलेल्या बुकिंगचं काय, तर होस्टिंगवाल्याकडे कालचा बॅकअप असतो बहुतेक, आजच फोन करा.

प्रश्न : घरच्या कॉम्प्युटरवर झॅम्पमध्ये (घरीच पीएचपी चालवायचं सॉफ्टवेअर) सगळं मस्त चालतं. होस्टिंगवर टाकलं की कॅनॉट मॉडिफाय हेडर इन्फर्मेशन, हेडर्स ऑलरेडी सेंट. फाईल तीच आहे, एक अक्षर बदललेलं नाही. होस्टिंगवाले म्हणतात तुमचा कोड चुकीचा, मी म्हणतो मग घरी कसा चालतो? (मालवण)

उत्तर : दोघंही बरोबर आहात, आणि माझंही एका होस्टिंगवाल्याशी यावरून वाजलं होतं, दोन दिवस फुकट गेले.

हेडर म्हणजे पेटीवरचं लेबल समजा. कुठे जायचं, आत काय आहे, कुकी (ब्राउझरने जपून ठेवायची छोटी खूण) कुठली, हे सगळं लेबलवर, आणि लेबल पेटीच्या आधी लागतं. तुमच्या कोडने पानाचं पहिलं अक्षर बाहेर टाकलं की पेटी गाडीत चढली. गाडी नांदगाव तिठ्याच्या पुढे गेल्यावर मागून ओरडून पत्ता बदलता येत नाही, तसंच हे. सेशन स्टार्टलाही हाच नियम, कारण त्याची कुकी लेबलवरच जाते.

मग घरी का चालतं, तर घरच्या सेटिंगमध्ये आऊटपुट बफरिंग बहुतेक ४०९६ वर असतं, म्हणजे पहिले चार हजार शहाण्णव बाईट गाडीत न चढवता अंगणातच ठेवले जातात, तोवर लेबल बदललं तरी चालून जातं. होस्टिंगवर ते बंद असेल तर पहिलंच अक्षर गाडीत. फरक एवढाच. चूक दोन्हीकडे तीच आहे, घरी ती पोटात घातली जाते.

आणि ती एरर पूर्ण वाचा बघू. लोक पहिली अर्धी ओळ वाचून घाबरतात. पुढे कंसात स्पष्ट लिहिलेलं असतं, आऊटपुट स्टार्टेड ॲट, अमुक फाईल, अमुक नंबरची ओळ. चोराचा पत्ता दिलेला असतो हो. तुमच्या केसमध्ये फाईल आहे कॉन्फिग आणि ओळ आहे सव्वीस, आणि त्यातला कोड पंचविसाव्या ओळीला संपतो असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पीएचपीचा शेवटचा टॅग बंद केल्यावर खाली रिकाम्या ओळी राहिल्यात. बंद टॅगच्या लगेच पुढची एक एंटर पीएचपी गिळून टाकतं, दुसरी नाही गिळत, ती पानात जाते. ज्या फाईलमध्ये नुसतं पीएचपीच आहे तिथे शेवटचा टॅग लिहूच नका, चालतं, उलट तसंच लिहायची पद्धत आहे.

ओळ नंबर एक दाखवत असेल आणि पहिल्या ओळीत काहीच चुकीचं दिसत नसेल तर फाईल नोटपॅडने बीओएमसकट सेव्ह झालीय. फाईलच्या अगदी सुरुवातीला तीन न दिसणारे बाईट बसतात. पेटीच्या तोंडाशी गवताची काडी. एडिटरमध्ये एनकोडिंग यूटीएफ-८ बीओएमशिवाय असं निवडून परत सेव्ह करा. आणि हे निस्तरल्यावर पुढची एरर फाईल सापडत नाही अशी येऊ शकते, कारण विंडोजला फाईलच्या नावातलं अक्षर मोठं की छोटं काही फरक पडत नाही, होस्टिंगच्या लिनक्सला पडतो. फाईलींची नावं सगळी छोट्या अक्षरात करून टाका म्हणजे कटकट मिटली.

प्रश्न : फॉर्ममध्ये ‘मासे चालतील का’ असा चेकबॉक्स आहे. टिक केली तर येतं, नाही केली तर शाकाहारी असं यायला हवं ना? काहीच येत नाही. (हर्णै)

उत्तर : टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. नाही असंसुद्धा सांगत नाही, गप्प बसतो. तेव्हा नाव आलंय का ते इस-सेटने बघा, नसेल तर शाकाहारी धरा. डिसेबल केलेली खानीपण येत नाहीत, रीडओन्लीवाली येतात. आणि सुरमई, पापलेट, बांगडा अशा बऱ्याच टिका एकाच नावाने घ्यायच्या असतील तर नावापुढे रिकामा चौकोनी कंस लावा, नाहीतर फक्त शेवटचा मासा मिळेल.

प्रश्न : मी दापोलीला काजूप्रक्रियेचं छोटं युनिट चालवतो. फॉर्म मराठीत ठेवला, लोक मराठीतच भरतात, ते चांगलं आहे. पण कोणी ५ किलो लिहिलं की बिल शून्याचं होतं. आणि काही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

उत्तर : शून्याचं बिल वाचून आधी मला कळेचना, मग तुमचा स्क्रीनशॉट बघितला. गिऱ्हाईकाने पाच मराठी आकड्यात लिहिलाय. मोबाईलचा मराठी कीबोर्ड तोच देतो, त्याची काय चूक. पण पीएचपीला आकडा म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. मराठी पाच त्याच्या लेखी एक चित्र आहे, त्याला इंटिजर करा म्हटलं की तो गुपचूप शून्य देतो, एररपण नाही. गणित करायच्या आधी एसटीआर-टीआर फंक्शनने दहाही मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे करून घ्या, एकदा छोटं फंक्शन लिहिलं की फोन, पिनकोड, किलो सगळीकडे उपयोगी. माझ्या मते कोकणातल्या प्रत्येक वेबसाईटमध्ये हे फंक्शन असायला पाहिजे, आणि पुस्तकांत ते कुठे सापडत नाही कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांना मराठी कीबोर्डवाली गिऱ्हाईकं नसतात.

प्रश्नचिन्हांचं म्हणाल तर पान, डेटाबेसचं टेबल आणि दोघांमधलं कनेक्शन, तिन्ही एकाच भाषेत, म्हणजे अक्षरं साठवायच्या एकाच पद्धतीत, बोलायला हवेत. पानात मेटा कॅरसेट यूटीएफ-८, टेबल यूटीएफ-८-एमबी-४, आणि कनेक्शन उघडताना त्यालाही तेच सांगायचं. तुमचं तिसरं राहिलंय. वाईट बातमी ही की डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर ती नावं गेली, परत येत नाहीत, फोन करून विचारावी लागतील.

अजून एक बघा, तुम्ही नावाची लांबी एसटीआर-लेनने तपासताय. रत्नागिरी हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा. एमबी-एसटीआर-लेनला विचारलं तर तो म्हणतो ९, कारण काना, वेलांटी, हलंत सगळे वेगळे मोजतो. साध्या एसटीआर-लेनला विचारलं तर २७, तो बाईट मोजतो आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाईट खाते. तुमची मर्यादा २० ची, म्हणजे तुमच्या फॉर्ममध्ये रत्नागिरीचा माणूस गावाचं नावच लिहू शकत नाही.

प्रश्न : वेंगुर्ल्याहून लिहितेय. आमच्याकडे डिसोझा आडनावाची बरीच गिऱ्हाईकं आहेत, इंग्रजीत लिहिताना डी, वर तो स्वल्पविराम आणि मग सोझा. त्यांनी फॉर्म भरला की एस्क्यूएलची (डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेची) एरर येते. ॲड-स्लॅशेस, म्हणजे अवतरणाआधी तिरकी रेघ घालणारं फंक्शन, लावलं तर चालेल का?

उत्तर : नको लावू. तुझ्या इन्सर्टच्या वाक्यात नाव एकेरी अवतरणात आहे, डिसोझांच्या नावातला तो स्वल्पविराम म्हणजे डेटाबेसला वाटतं अवतरण इथे संपलं, आणि पुढचं सोझा म्हणजे कुठली तरी आज्ञा. बिचारे डिसोझा सरळ माणूस, एरर येऊन थांबतं. कोणी वाकडा असेल तर तिथे खरोखरची आज्ञा लिहील आणि तुझं टेबल साफ करेल. डिसोझांनी तुला फुकटात सावध केलं असं समज.

स्लॅश लावायची सवय पीएचपीलाच होती एकेकाळी, मॅजिक कोट्स म्हणून, आपोआप सगळीकडे स्लॅश लावायचे, आणि मग नावांमध्ये तीन तीन स्लॅश दिसायचे. २०१२ मध्ये ५.४ आलं त्यात ते काढूनच टाकलं. आता पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) घ्यायचं, क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या वाक्यात, नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह लिहायचं, अवतरण न देता, प्रिपेअर करायचं आणि एक्झिक्यूटला नावं वेगळी द्यायची. वाक्य आधी ठरलं, माल नंतर आला, त्यामुळे मालात काहीही असलं तरी वाक्य बदलत नाही.

हे झालं आत जाताना. बाहेर येताना, म्हणजे तेच नाव परत फॉर्मच्या खान्यात छापताना, एचटीएमएलस्पेशलकॅर्स. देवगडच्या मुलाला वर हेच सांगितलं. ते नाही लावलं आणि तुझी व्हॅल्यू एकेरी अवतरणात असेल तर खान्यात नुसता डी दिसेल, बाकीचे डिसोझा गायब. पीएचपी ८.१ पासून हे फंक्शन एकेरी अवतरणसुद्धा सांभाळतं, त्याआधी ईएनटी-कोट्स असं वेगळं सांगावं लागायचं, तुझं होस्टिंग जुनं असेल तर सांग. आत जाताना एक काळजी, बाहेर येताना दुसरी. दोन्ही एकाच फंक्शनात उरकायला गेलीस की डेटाबेसमध्ये भलतंच काहीतरी साठतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६८, गुहागर. वाचनालयात २००१ सालचं पीएचपीचं पुस्तक मिळालं त्यावरून शिकतोय. पुस्तकात फॉर्मच्या खान्याचं नाव गाव असेल तर कोडमध्ये थेट डॉलर गाव लिहिलं की किंमत मिळते. मला मिळत नाही. शिवाय आमचा नातू म्हणतो एचटीएमएल आणि पीएचपी एका फाईलमध्ये लिहिणं म्हणजे पाप.

उत्तर : गुरुजी, नमस्कार. पुस्तक तेव्हा बरोबर होतं. रजिस्टर ग्लोबल्स नावाचं एक सेटिंग होतं, फॉर्ममधलं प्रत्येक नाव आपोआप व्हेरिएबल व्हायचं. सोय मोठी, धोकापण तेवढाच, कारण पत्त्याच्या शेवटी कोणीही ॲडमिन बरोबर एक असं लिहिलं की तुमच्या कोडमध्ये डॉलर ॲडमिन तयार. २००२ मध्ये ४.२ पासून ते मुळात बंद येऊ लागलं आणि २०१२ ला पूर्ण काढलं. आता डॉलर अंडरस्कोर पोस्ट, चौकोनी कंसात गाव. त्याच पुस्तकात मायएस्क्यूएल-क्वेरी नावाचं फंक्शनपण असेल, तेही पीएचपी ७ मध्ये गेलं. तेव्हा लूप, इफ, फंक्शन हे धडे त्या पुस्तकातून जरूर वाचा, फॉर्म आणि डेटाबेसचे धडे मात्र सोडा.

नातवाला सांगा, पाप असेल तर ते मूळ पुरुषाचंच आहे. रासमुस लेरडॉर्फने १९९४ मध्ये हे सुरू केलं ते स्वतःचा बायोडाटा कोण बघतं ते मोजायला, १९९५ मध्ये सगळ्यांना दिलं, आणि पुढे त्याचं नाव पीएचपी-एफआय झालं, त्यातल्या एफआयचा अर्थच फॉर्म इंटरप्रिटर. पानात कोड मिसळता यावा यासाठीच ते जन्माला आलं. नातू जे म्हणतो ते मोठ्या कामाला खरं आहे, पन्नास पानांच्या साईटमध्ये प्रत्येक पानावर डेटाबेस, हिशोब आणि टेबलं एकत्र कालवली की काही सापडत नाही. तुम्ही मधला रस्ता धरा. फाईल एकच, पण वरचा अर्धा भाग सगळा विचार करणारा, त्यात एचटीएमएल नाही. खालचा अर्धा भाग सगळा छापणारा, त्यात फक्त इको, फॉरईच आणि एखादा इफ. खाली इको करून पूर्ण एचटीएमएल अवतरणात कोंबू नका, अवतरणांत अवतरणं अडकतात आणि डोळे जातात, टॅग बंद करून सरळ एचटीएमएल लिहा आणि हवं तिथे पुन्हा उघडा. नातवाची फाईल आणि तुमची फाईल शेजारी ठेवून बघा, तुमची जास्त वाचता येईल अशी माझी पैज.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस लागला की लाईट जाते, नेटपण जातं. गिऱ्हाईक फॉर्म भरत असताना गेली तर ऑर्डर अर्धी येते का? (राजापूर)

उत्तर : अर्धी येत नाही. बटण दाबेपर्यंत सगळं त्याच्या मोबाईलमध्येच असतं, सर्व्हरला पत्ताही नसतो. घोळ होतो तो बटण दाबल्यावर आणि उत्तर यायच्या आधी लाईट गेली तर. ऑर्डर नोंदलेली असते, पण गिऱ्हाईकासमोर पांढरं पान, म्हणून तो लाईट आल्यावर पुन्हा भरतो. इथे वर देवगडला सांगितलेली युक्ती पुरत नाही. फॉर्म छापतानाच हिडनमध्ये एक वेगळा नंबर टाका, डेटाबेसच्या टेबलात त्या कॉलमला युनिक करा, तोच नंबर दुसऱ्यांदा आला की नवीन ऑर्डर न घेता सरळ धन्यवादाच्या पानावर धाडा. हे चालतं तो तेच पान परत पाठवतो तोपर्यंत, पान नव्याने उघडून भरलं तर नंबरही नवा. त्यासाठी आमच्या क्लासमधल्या एकीने तिच्या काकांच्या साईटवर साधा उपाय केलाय, त्याच फोन नंबरवरून तासाभरात दुसरी ऑर्डर आली की नोंदायच्या आधी काका फोन करून विचारतात, लाईट गेली होती का तुमच्याकडे.